संगणकावर ग्रह फिरवायला शिकवताना

प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या वरच्या वर्गांना किंवा महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला खगोलशास्त्र संगणकीय मॉडेलमधून शिकवायचं आहे, सुरुवात कशाने करावी, साधनं कोणती घ्यावीत आणि फसतं कुठे?

आधी एक फरक लक्षात घ्या. स्टेलेरियमसारखं सॉफ्टवेअर आकाश दाखवतं. अमुक रात्री गुरू कुठे दिसेल हे ते चोख सांगतं आणि निरीक्षणाच्या तयारीला त्याहून सोपं साधन नाही. पण गुरू तिथेच का, हे त्यात विद्यार्थ्याच्या हाती लागत नाही. गुरुत्वाकर्षणाचा नियम जरा बदलून बघू म्हटलं तर तशी सोय नाही. मॉडेलमध्ये नियम विद्यार्थी लिहितो, आणि तो चुकला तर ग्रह सूर्यात कोसळतो किंवा भरकटतो. ज्यात चुकायला वावच नाही अशा चकचकीत सिम्युलेशनमधून मुलं फारसं शिकत नाहीत. बटणं दाबतात, ‘छान दिसतंय’ म्हणतात आणि पुढे जातात. तेव्हा शिकवण्याचा कणा साधं, स्वतः बांधलेलं, मोडता येणारं मॉडेल असू द्या.

साधनांबाबत फार डोकं लावू नका. कलनशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग दोन्ही झालेलं नसेल तर स्प्रेडशीट पुरते. पायथन येत असेल तर आकडेमोडीसाठी नमपाय आणि आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब घ्या. त्रिमितीतलं हलतं चित्र हवं असेल तर व्हीपायथन. कक्षांचा हिशेब स्वतः करणारी रिबाउंडसारखी तयार लायब्ररी उत्तम आहे, पण ती शेवटी. सुरुवातीलाच दिली तर आत काय चाललंय हे कळण्याआधीच उत्तर मिळतं.

पहिलं मॉडेल सूर्य आणि पृथ्वीचं, एकाच प्रतलात, सूर्य स्थिर. एककं नीट निवडली तर अर्धा त्रास इथेच वाचतो. मीटर, सेकंद, किलोग्रॅम वापरले की १०च्या ११व्या, ३०व्या आणि उणे ११व्या घाताशी झुंज सुरू होते आणि एखादं शून्य गळलं तरी कुणाला कळत नाही. त्याऐवजी अंतर खगोलीय एककात (पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर म्हणजे १), काळ वर्षांत, वस्तुमान सूर्याच्या पटीत मोजा. पृथ्वी १ एकक त्रिज्येच्या वर्तुळात वर्षाला एक फेरी मारते, म्हणजे तिचा वेग २π, अर्थात ६.२८३ एकक प्रतिवर्ष. वर्तुळाकार गतीसाठी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूर्यामुळे मिळणाऱ्या त्वरणाइतकं असतं, त्यावरून गुरुत्व स्थिरांक गुणिले सूर्याचं वस्तुमान हा गुणाकार ४π², म्हणजे ३९.४७८ येतो. हा आकडा आयता देऊ नका. तो काढणं हाच पहिला अर्धा तास. पुढे किलोमीटरमध्ये बोलायचं झालं तर १ एकक प्रतिवर्ष म्हणजे ४.७४ किलोमीटर प्रतिसेकंद.

आता स्थिती म्हणजे चार आकडे: क्ष = १, य = ०, क्ष-वेग = ०, य-वेग = ६.२८३. प्रत्येक टाइम स्टेपला, म्हणजे काळाच्या छोट्या टप्प्याला, सूर्यापासूनचं अंतर काढायचं, त्यावरून त्वरण, त्वरणावरून नवा वेग, वेगावरून नवी जागा. क्ष-दिशेचं त्वरण उणे ३९.४७८ गुणिले क्ष भागिले अंतराचा घन. इथे घन पाहून वर्गात हमखास हात वर होतो: ‘नियम तर व्यस्त वर्गाचा ना?’ एक अंतर दिशेसाठी खर्च होतं, कारण क्ष भागिले अंतर ही फक्त दिशा. हे फळ्यावर काढून दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. उणे चिन्ह विसरलं तर ग्रह सूर्यापासून दूर ढकलला जातो. ही चूक लगेच दिसते, म्हणून ती निरुपद्रवी.

स्प्रेडशीटमध्ये आठ रकाने लागतात: काळ, क्ष, य, अंतर, दोन त्वरणं, दोन वेग. स्टेप ०.०१ वर्षाची धरली तर वर्षाला १०० ओळी. दोन गोष्टी नेहमी बिघडतात. ३९.४७८ ज्या चौकटीत ठेवलाय तिचा पत्ता डॉलर चिन्ह लावून पक्का केला नाही, तर सूत्र खाली ओढताना तो पत्ताही खाली सरकतो, रिकामी चौकट शून्य धरली जाते आणि ग्रह सरळ रेषेत निघून जातो. दुसरं, आलेखाचा प्रकार स्कॅटर हवा आणि दोन्ही अक्षांचं प्रमाण सारखं हवं. नाहीतर वर्तुळ चपटं दिसतं आणि मुलं खुशाल ‘लंबवर्तुळ आलं’ असं लिहून मोकळी होतात. मॅटप्लॉटलिबमध्येही अक्षांचं प्रमाण मुद्दाम समान करावं लागतं.

पहिल्यांदा जाणूनबुजून वाईट पद्धत चालवा. जुन्या जागेवरचं त्वरण आणि जुना वेग घेऊन दोन्ही पुढे ढकलणं ही ऑयलर पद्धत. ०.०१ वर्षाच्या स्टेपने पृथ्वी पहिल्याच वर्षात जवळपास दीडपट अंतरावर पोचते. स्टेप दहापट बारीक केली तर वर्षाला सुमारे ७ टक्के, आणि दहा वर्षांत पुन्हा तीच गत: मंगळाच्या कक्षेच्या आसपास. का, हे कलनशास्त्राशिवाय सांगता येतं. प्रत्येक स्टेपला ग्रह स्पर्शिकेवरून सरकतो आणि वर्तुळाची स्पर्शिका कायम वर्तुळाबाहेरच जाते. चूक दर वेळी एकाच बाजूला होते, त्यामुळे ती कधी फिटत नाही. इथे मुलांना थांबवून विचारा की हा भौतिकशास्त्राचा परिणाम आहे की हिशेबाचा. स्टेप बदलल्यावर जी गोष्ट बदलते ती निसर्गाची नव्हे, हे त्यांनी स्वतः म्हणेपर्यंत वाट पाहा. उरलेल्या अभ्यासक्रमाची मदार या एका वाक्यावर आहे.

मग एकच ओळ बदला: जागा पुढे नेताना जुना वेग न घेता नुकताच काढलेला नवा वेग घ्या. स्प्रेडशीटमध्ये याचा अर्थ इतकाच की जागेच्या सूत्रात वरच्या ओळीतल्या वेगाऐवजी त्याच ओळीतला वेग येतो. कक्षा बंद होते आणि बंदच राहते. ही ऑयलर-क्रोमर पद्धत. थोडी अधिक अचूकता हवी तर लीपफ्रॉग: अर्ध्या स्टेपचा वेग, पूर्ण स्टेपची जागा, नव्या जागेवर त्वरण पुन्हा मोजून उरलेल्या अर्ध्या स्टेपचा वेग. त्वरण पुन्हा मोजायचं राहून जातं, ही इथली नेहमीची चूक. दुसरी जरा छुपी: ऊर्जा काढताना वेग अर्ध्या स्टेपवरचा आणि जागा पूर्ण स्टेपवरची घेतली तर नसलेली चूक दिसते.

ऊर्जेचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवाच. वेगाच्या वर्गाचा निम्मा उणे ३९.४७८ भागिले अंतर. पृथ्वीसाठी पहिल्या ओळीत उणे १९.७४ यायला हवं. ऑयलरमध्ये हा आकडा सतत वर चढतो. लीपफ्रॉगमध्ये, कक्षा लंबवर्तुळी असेल तर, तो जरासा हेलकावतो पण वाहून जात नाही. सायपाय या पायथन लायब्ररीचं तयार सोडवणूक-फंक्शन वापरणाऱ्यांना इथेच धक्का बसतो. त्याची मूळ सापेक्ष अचूकता एक हजारांशाची असते, कक्षांसाठी ती अगदी ढोबळ. ती १०च्या उणे ९व्या घातापर्यंत आवळल्याशिवाय त्यावर विसंबू नये. हजारो फेऱ्यांचा प्रश्न असेल तर चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीपेक्षा साधा लीपफ्रॉग बरा. रुंगे-कुट्टा एकेका फेरीत जास्त अचूक असला तरी त्याची चूक हळूहळू एकाच दिशेने साचते.

मॉडेल चालू झाल्यावर लगेच नवे ग्रह जोडायची घाई नको. आधी प्रश्न: पृथ्वीचा वेग ६.२८ऐवजी ५ केला तर वर्ष लांबेल की आखूड होईल? उत्तर लेखी घ्या, मग चालवा. बहुतेकांना वाटतं, हळू चालणाऱ्याला वेळ जास्त लागणार. प्रत्यक्षात ग्रह आत पडतो, सूर्याजवळून ०.४६ एककावरून जातो आणि ०.६३ वर्षात परत येतो. अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब व्यासाचा निम्मा) ०.७३, त्याचा घन आणि काळाचा वर्ग जुळतो का, हे तिथल्या तिथे तपासता येतं. वेग √२ पट, म्हणजे ८.८९ केला की ग्रह परत येत नाही. ८.८ आणि ८.९ या दोन धावा शेजारी शेजारी ठेवाव्यात, पण खिडकी मोठी ठेवा आणि पुरेसा काळ जाऊ द्या. नाहीतर दोन्ही ‘पळाले’ असंच वाटतं.

केप्लरच्या दुसऱ्या नियमाचा (सूर्य-ग्रह रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते) धडा मॉडेलमध्ये पुस्तकापेक्षा वेगळा होतो आणि तो जास्त खोल जातो. ऑयलर-क्रोमर पद्धतीत समान काळात समान क्षेत्रफळ अगदी तंतोतंत येतं, स्टेप कितीही ओबडधोबड असली तरी, कारण प्रत्येक स्टेपला वेगातला बदल सूर्याच्याच दिशेने असतो. आता नियमातला घात २ऐवजी २.१ करा. क्षेत्रफळं तरीही समान! कक्षा मात्र बंद होत नाही. वर्तुळाच्या जवळपासच्या कक्षेचा उपसूर्य बिंदू (सूर्याला सर्वांत जवळची जागा) दर फेरीला सुमारे १९ अंश पुढे सरकतो. म्हणजे समान क्षेत्रफळ हा व्यस्त वर्गाचा पुरावा नव्हे, तो बल केंद्राकडे असल्याचा पुरावा आहे. व्यस्त वर्गाची खूण बंद लंबवर्तुळ आणि त्याच्या नाभीवरचा सूर्य. बल अंतराच्या समप्रमाणात ठेवलं तरी लंबवर्तुळ बंद होतं, पण सूर्य मध्यभागी येतो. घात बदलण्याच्या या खेळाला एक पूर्ण तास द्या, त्यासाठी दुसरं काही कापावं लागलं तरी चालेल.

उपसूर्य बिंदू सरकताना दिसला की कुणीतरी बुधाचं नाव काढतं. बुधाची गोष्ट करायला हरकत नाही, पण सावधपणे. सापेक्षतेमुळे येणारं सरकणं शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग), म्हणजे फेरीला फक्त ०.१ विकला. ०.००१ वर्षाच्या स्टेपने लीपफ्रॉग स्वतःच याच्या कितीतरी पट खोटं सरकणं निर्माण करतो. उपाय असा: बलाला (१ + अल्फा भागिले अंतराचा वर्ग) असा गुणक लावा, अल्फाला खऱ्या किमतीपेक्षा हजारो पटींनी मोठ्या चार-पाच किमती द्या, अल्फा शून्य ठेवून आलेलं सरकणं प्रत्येकातून वजा करा, उताराची रेषा काढा आणि खऱ्या अल्फापर्यंत खाली या. बुधासाठी ती किंमत खगोलीय एककाच्या वर्गात १.१ गुणिले १०चा उणे ८वा घात. सुरुवात उपसूर्य बिंदूवर करा: अंतर ०.३०७५, वेग १२.४४.

दोन वर्तुळं आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्यावर उत्तम चालणारा विषय म्हणजे मंगळाची वक्री गती, म्हणजे आकाशात काही काळ त्याचं उलट सरकणं. इथे बलाचा हिशेबच नको. पृथ्वी त्रिज्या १, एका फेरीचा काळ १. मंगळ त्रिज्या १.५२४, काळ १.८८१ वर्षं. प्रत्येक दिवशी मंगळाच्या जागेतून पृथ्वीची जागा वजा करून दिशेचा कोन काढायचा आणि तारखेसमोर मांडायचा. साधा व्यस्त टॅन्जंट वापरला तर अर्ध्या वर्तुळात दिशा उलटी येते. दोन आकडे स्वतंत्र घेणारं फंक्शन वापरा. तेही १८०वरून उणे १८०वर उडी मारतं, आणि ही उडी मुलं ‘वक्री गती’ म्हणून रंगवतात. कोन सलग करून घ्या, म्हणजे सुमारे ७८० दिवसांनी येणारे, सत्तरेक दिवसांचे खरे उतार दिसतील. मग विचारा, मॉडेलमध्ये काय नाही? खऱ्या आकाशात मंगळ फास किंवा नागमोड काढतो. इथे तो एकाच रेषेवर मागे-पुढे होतो, कारण कक्षेचा १.८५ अंशांचा कल आपण सोडून दिलाय. प्रतियुतीच्या वेळचं (पृथ्वी सूर्य आणि मंगळ यांच्या मधोमध असतानाचं) अंतर इथे नेहमी ०.५२, तर ऑगस्ट २००३मध्ये ते ०.३७ होतं, कारण मंगळाची कक्षा वर्तुळ नाही. मॉडेल कुठे कमी पडतं हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण शालेय पातळीवर क्वचितच सापडेल.

ऋतू आणि चंद्रकलांसाठी मॉडेल छोटं पुरतं, पण चित्राच्या प्रमाणाची काळजी घ्या. सूर्य १० पिक्सेलचा काढला तर पृथ्वी १,०७५ पिक्सेल दूर आणि स्वतः ०.०९ पिक्सेलची; चंद्र तिच्यापासून जेमतेम पावणेतीन पिक्सेलवर. त्यामुळे आकार फुगवावे लागतात, आणि फुगवलेल्या चित्रातच चंद्र दर महिन्याला पृथ्वीच्या सावलीत गेल्यासारखा दिसतो. आकारांचं आणि अंतरांचं प्रमाण वेगळं आहे, हे पडद्यावरच लिहा. ऋतूंसाठी पृथ्वीच्या अक्षाच्या कलाचा आकडा २३.४४ अंशांवरून शून्य करा, तरी अंतराचा फरक तसाच राहू द्या: जानेवारीत १४.७१ कोटी किलोमीटर, जुलैत १५.२१. उरतो तो सूर्यप्रकाशातला सुमारे ७ टक्क्यांचा फरक, तोही दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी.

सूर्याला हलू दिलं की दुसरा टप्पा सुरू होतो. गुरूचं वस्तुमान सूर्याच्या १,०४७व्या भागाइतकं. दोघांचं वस्तुमानकेंद्र सूर्याच्या मध्यापासून सुमारे ७.४ लाख किलोमीटरवर, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाच्या किंचित बाहेर. सूर्याला सुरुवातीचा वेग शून्य दिला तर सगळी सूर्यमाला वर्षाला ०.००२६ एकक या गतीने एका बाजूला वाहत जाते आणि शतकभरात पाव एकक सरकते. एकूण संवेग (वस्तुमान गुणिले वेग यांची बेरीज) काढून तो शून्य होईल असा वेग सूर्याला द्या. हाच सूर्याचा १२.५ मीटर प्रतिसेकंदाचा डोल पुढे परग्रहांच्या शोधाकडे नेतो: १९९५मध्ये मायोर आणि केलोझ यांनी ५१ पेगासीभोवतीचा ग्रह असाच ताऱ्याच्या डोलावरून ओळखला. तिथे डोल सुमारे ५६ मीटर प्रतिसेकंद आणि काळ ४.२३ दिवस.

खऱ्या सुरुवातीच्या जागा आणि वेग नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स सेवेतून घेता येतात. वेग प्रतिदिन मिळतो, त्याला ३६५.२५ने गुणा, केंद्र सूर्य निवडलंय की सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र ते पाहा, संदर्भ प्रतल क्रांतिवृत्ताचं, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेचं, आहे का तपासा. विषुववृत्ताचं निवडलं तर सगळ्या कक्षा २३ अंशांनी कललेल्या दिसतात आणि विद्यार्थी चूक स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये शोधत बसतो.

अधिक्रमणाचं, म्हणजे ताऱ्यासमोरून ग्रह जाण्याचं, मॉडेल मुलांना फार आवडतं: ताऱ्याची तबकडी पिक्सेलांच्या जाळ्यावर काढायची, तिच्यावरून काळी ग्रहतबकडी सरकवायची आणि उरलेला प्रकाश मोजायचा. गुरूएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्याचा सुमारे १ टक्का प्रकाश अडवतो. तारा ५० पिक्सेल त्रिज्येचा घेतला तर गुरू ५ पिक्सेलचा आणि घसरणीच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या. पृथ्वी मात्र अर्ध्या पिक्सेलची, कधी दिसते कधी नाहीशी होते. तिच्यासाठी त्रिज्या ५०० करा, किंवा दोन वर्तुळांच्या सामाईक क्षेत्रफळाचं सूत्र वापरा. मग ताऱ्याची कड मध्यापेक्षा मंद असते हे जोडा. कडेकडे ६० टक्क्यांनी मंदावणारी तबकडी घेतली (मंदावणं पृष्ठभागाच्या लंबाशी होणाऱ्या कोनाच्या कोसाइनशी सरळ रेषेत, मध्यापासूनच्या अंतराशी नव्हे) तर सरासरी तेज मध्याच्या ०.८ पट, म्हणून मध्यातून जाणारा लहान ग्रह क्षेत्रफळाच्या गुणोत्तरापेक्षा १.२५ पट खोल खळगा पाडतो. हे विसरणारा विद्यार्थी ग्रहाची त्रिज्या १२ टक्के जास्त काढतो. खरी निरीक्षणं घेऊन काळानुसार घडी घालताना, म्हणजे सगळ्या फेऱ्या एकमेकींवर ठेवताना, आणखी एक फसगत होते. एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या ग्रहाचा काळ ३.५२४७ दिवस, तो ३.५२ धरला तर १०० फेऱ्यांत ११ तासांहून जास्त फरक साचतो, आणि अधिक्रमण स्वतः जेमतेम तीन तासांचं. खळगा पुसला जातो आणि ‘ग्रह नाही’ असा निष्कर्ष निघतो.

दीर्घिकांच्या टकरीपर्यंत जायचं असेल तर सगळ्या कणांचं परस्पर आकर्षण मोजायला जाऊ नका. १०० कणांच्या ४,९५० जोड्या होतात, १,०००च्या ४,९९,५००. १९४१मध्ये होल्मबर्ग यांनी हा हिशेब चक्क विजेच्या दिव्यांनी केला होता, कारण प्रकाशही व्यस्त वर्गाने कमी होतो. वर्गात १९७२ची टूमरे बंधूंची युक्ती पुरते: दोन जड केंद्रं आणि त्यांच्याभोवती वस्तुमान नसलेल्या कणांची कडी. शेपट्या आणि पूल डोळ्यांदेखत निघतात. कण केंद्राला फार जवळ गेला की भरमसाट वेगाने फेकला जातो. अंतराच्या वर्गात एक छोटा स्थिर आकडा मिळवून हे टाळतात. पण तो आकडा किती घेतला आणि का, हे अहवालात लिहायला लावा.

मूल्यमापनात सुंदर चित्राला गुण देऊ नका. प्रत्येक कामासोबत तीन गोष्टी मागा: स्टेप निम्मी केल्यावर उत्तर किती बदललं, ऊर्जा किती ढळली, आणि उत्तर आधीच माहीत असलेल्या एखाद्या प्रसंगात मॉडेल बरोबर आलं का. परीक्षेसाठी चालणारा पण बिघडवलेला प्रोग्रॅम द्या. एका गटाला घनाऐवजी वर्ग, दुसऱ्याला वेग प्रतिदिन आणि काळ वर्षांत, तिसऱ्याला एकूण संवेग शून्य न केलेला. ओळी वाचायला देण्याआधी फक्त कक्षेचं चित्र आणि ऊर्जेचा आलेख द्या आणि बिघाड कुठला असेल ते त्यावरून लिहायला सांगा.